याचिका निष्फळ : सुटलो, पण निकाल लागला नाही

(जिल्हा बैठकीतील भाषणाचे शब्दांकन)



कापसाची वेचणी तोंडावर आहे, घरी माणूस नाही, तरी तुम्ही आलात. सकाळपासून भावावर आणि आयात-निर्यातीवर बरेच बोलणे झाले, त्यात मी भर घालत नाही. मला थोडा वेळ एका शब्दावर बोलायचे आहे. शब्द आपल्या शिवारातला आहे, पण कोर्टाने तो आपल्याकडून नेला आणि भलत्याच कामाला लावला. तो शब्द म्हणजे 'निष्फळ'.

मी शेतकी कॉलेजात शिकलो. पऱ्हाटी छातीइतकी वाढली, पाने काळीभोर झाली, पण पात्या गळाल्या आणि बोंड धरलेच नाही, तर काय करायचे ते आम्हाला शिकवले होते. कारण शोधायचे. युरिया जास्त पडला का, झड लागून राहिली का, मुळाशी पाणी साचले का. कारण लिहिल्याशिवाय मास्तर वही तपासत नसत. कोर्टात निष्फळ होते ती याचिका, आणि तिथे कारण शोधायची गरज राहत नाही. 'याचिका निष्फळ झाली, निकाली काढली' एवढे लिहिले की कागद बस्त्यात जातो.

हे आपल्या भाषेत सांगतो. गारपीट झाली, ज्वारी आडवी झाली. तुम्ही अर्ज दिला. पंधरा दिवस कोणी फिरकले नाही. ढोरांना वैरण पाहिजे म्हणून तुम्ही सडका-कुजका कडबा वेचून रान मोकळे केले. मग पंचनाम्याला माणसे आली आणि म्हणाली, "रान तर स्वच्छ आहे, नुकसान कुठे दिसते?" गार पडलीच नाही असे ते म्हणत नाहीत आणि पडली होती असेही लिहीत नाहीत. अर्ज मात्र संपला. फौजदारी याचिका निष्फळ होते ती हुबेहूब अशी.

आता माझ्यावर काय बेतले ते ऐका. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने आपला कापूस खाल्ला, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. मदत जाहीर झाली आणि कागदावरच राहिली. २०१८ च्या मार्चमध्ये एक मंत्री तालुक्याला येणार होते. आम्ही निवेदन द्यायचे ठरवले होते, निवेदनच, त्यापुढे काही नाही. दौऱ्याच्या तीन दिवस आधी रात्री साडेदहाला मला घरून उचलले आणि माझ्याबरोबर गावातली चार पोरे. दुसऱ्या दिवशी तहसील कचेरीत उभे केले. शांतता भंग होण्याची भीती, म्हणून दोन लायक जामीनदार द्या, हैसियत दाखल्यासह. आता हैसियत दाखला त्याच कचेरीतून मिळतो आणि त्या दिवशी तिथला बाबू रजेवर होता. जामीनदार नाहीत म्हणून जेलमध्ये.

घरच्यांनी नागपूरला वकील गाठले. हायकोर्टात फौजदारी रिट याचिका दाखल झाली. तिच्यात मागणी एकच होती, आम्हाला सोडा. सुनावणी ज्या दिवशी लागली त्या दिवशी सकाळी सात वाजता जेलमधून आम्हाला बाहेर काढले. चहा पाजला, अगदी अद्रकाचा. मंत्री आदल्या दिवशीच येऊन गेले होते. अकरा वाजता सरकारी वकील उभे राहिले आणि म्हणाले, याचिकाकर्ते मोकळे आहेत. आमच्या वकिलांनी मान हलवली. त्यांच्या हातात दुसरे काही नव्हतेच. चार ओळींचा हुकूम झाला : सुटका झाली आहे, सबब याचिका निष्फळ ठरून निकाली.

गावात आम्हाला हार घातले. मीही हसत फोटो काढून घेतला. लढाई जिंकली असेच वाटले होते.

त्या चार पोरांतला एक पोलीस भरतीची तयारी करत होता. पहाटे चारला उठून धावायचा. पुढे तो मैदानी परीक्षेत आणि लेखीत पास झाला. मग पडताळणीचा फॉर्म आला. त्यात विचारलेले असते, तुम्हाला कधी अटक झाली आहे का? मी त्याला सांगितले, खरे लिही. त्याने 'होय' लिहिले आणि हायकोर्टाच्या हुकमाची नक्कल जोडली. कचेरीतल्या साहेबांनी नक्कल दोनदा वाचली आणि म्हणाले, "यात तुला सोडले असे आहे. पण तुला धरले ते चूक होते, असे यात कुठे आहे?"

भावांनो, साहेबांचे म्हणणे खरे होते. हुकमात तसे कुठेच नव्हते. त्याची तुकडी प्रशिक्षणाला गेली आणि तो त्या वर्षी घरी तुरीची फवारणी करत राहिला. तो आज या मंडपात बसला आहे. नाव घेऊ नका म्हणाला, म्हणून घेत नाही.

तेव्हापासून हा शब्द माझ्या डोक्यात घोळतो आहे. मी वकील नाही. पण पिकाचा रोग ओळखायचा तर आधी झाड नीट पाहावे लागते, तसे मी कोर्टाचे निकाल वाचत बसलो, वकिलांना विचारत बसलो. जे समजले ते सांगतो.

आधी कोर्टाची बाजू. न्यायाधीशासमोर रोज शेकडो प्रकरणे असतात. जो माणूस आत आहे त्याचे प्रकरण आधी, जो बाहेर आला त्याचे नंतर, यात गैर काही नाही. उद्या आपलाच भाऊ आत असेल तर आपणही हेच म्हणू. ज्या भांडणात आता द्यायला काही उरले नाही, त्यावर कोर्टाने नुसता अभिप्राय देत बसावे असा कायदा नाही. तेव्हा 'निष्फळ' म्हणणारा न्यायाधीश सरकारला विकला गेला, असली भाषा आपल्या सभांमध्ये नको. प्रश्न वेगळा आहे. द्यायला खरेच काही उरले नव्हते का? की आपण मागितलेच नव्हते?

दुसरी गोष्ट मुदतीची. आंदोलन करणाऱ्यावर सरकार जी कलमे लावते त्यांचे आयुष्य पाहा. जमावबंदीचे कलम १४४, ज्याला १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १६३ म्हणतात, त्याचा हुकूम एरवी दोन महिन्यांचा. चॅप्टर केस, जुने १०७, आताचे १२६, तिचा बाँड जास्तीत जास्त एक वर्षाचा. तडीपारी, महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली, फार तर दोन वर्षांची. आणि प्रतिबंधक अटक, जुने १५१, आताचे १७०, तिचा हिशेब तर तासांत. याउलट कोर्टातला नंबर लागायला किती दिवस लागतात ते तुम्हाला ठाऊक आहे. पीक नव्वद दिवसांचे आणि पाण्याची पाळी शंभराव्या दिवशी. हुकूम मरतो, मग सुनावणी येते. पुन्हा दोन महिन्यांनी तोच हुकूम नव्या तारखेचा निघतो. असे हुकूम एकामागून एक काढत राहणे हा अधिकाराचा गैरवापर आहे, असे सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२० मध्ये काश्मीरच्या प्रकरणात म्हटले. म्हणजे जो हुकूम परतून येणार आहे, तो संपला म्हणून सोडून देऊ नये असे म्हणायला आपल्याला जागा आहे.

वेळेत पोहोचले तर काय होते त्याचेही उदाहरण आहे. जालना जिल्ह्यातून डिसेंबर २०२० मध्ये एकाला दोन वर्षांसाठी तडीपार केले होते. मुदत संपायच्या आत, जानेवारी २०२२ मध्ये, सुप्रीम कोर्टाने तो हुकूम रद्द केला. तडीपारी हा असाधारण उपाय आहे, पुरी दोन वर्षे कशासाठी ते लिहावे लागेल, असे बजावले. तो माणूस आणखी अकरा महिने थांबला असता तर त्याचीही याचिका चार ओळींत गेली असती.

आता जी गोष्ट सांगण्यासाठी मी उभा राहिलो ती.

बिहारमध्ये मुझफ्फरपूरला रुदुल साह नावाचा एक कैदी होता. ३ जून १९६८ रोजी सेशन्स कोर्टाने त्याला निर्दोष सोडले. जेलमधून तो बाहेर आला १६ ऑक्टोबर १९८२ ला. निर्दोष ठरल्यानंतर चौदा वर्षांहून जास्त काळ हा माणूस आत. त्याच्यासाठी सुप्रीम कोर्टात हेबियस कॉर्पसची याचिका झाली. २२ नोव्हेंबर १९८२ ला ती निघाली, तेव्हा बिहार सरकारच्या वकिलांनी सांगितले की त्याला तर सोडले आहे. ओळखीचे वाटते ना? सोडा ही मागणी तिथेही निष्फळच झाली, कोर्टाने तसे मान्य केले.

पण याचिका तिथे संपली नाही, कारण त्या याचिकेत आणखी काही मागितलेले होते. औषधपाण्याचा खर्च, पुन्हा उभे राहण्यासाठी मदत आणि नुकसानभरपाई. खंडपीठावर सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड होते, आपल्या पुण्याचे. त्यांनी सरकारला विचारले, या बाकीच्या मागण्यांचे काय? चौदा वर्षे का ठेवले? सरकारने बऱ्याच महिन्यांनी जेलरचे प्रतिज्ञापत्र दिले : तो वेडा होता. कधी वेडा होता, कोणी तपासले, काय उपचार केले, याचा धड पुरावा नाही. उलट तो बरा आहे असा सिव्हिल सर्जनचा अहवाल १९७७ सालीच झालेला होता, त्यानंतरही तो साडेपाच वर्षे आत. १ ऑगस्ट १९८३ रोजी निकाल झाला. आधी दिलेल्या ५,००० रुपयांशिवाय आणखी ३०,००० रुपये सरकारने द्यावेत, आणि पूर्ण भरपाईसाठी दिवाणी दावा करायला तो मोकळा आहे. चौदा वर्षांचे पस्तीस हजार! मी गुणाकार-भागाकार करून पाहिला आणि कागद बाजूला ठेवला. पण आकड्याकडे पाहू नका. सुटलेल्या माणसाच्या याचिकेवर, बेकायदा डांबले म्हणून, सरकारला पैसे मोजायला लावणारा हा निकाल आहे. पुढचे कितीतरी निकाल याच बांधावरून गेले.

दोनच वर्षांनी, १९८५ मध्ये, जम्मू-काश्मीरचे आमदार भीमसिंग यांना विधानसभेच्या अधिवेशनाला जाताना रात्री वाटेत पकडले. याचिका त्यांच्या पत्नीने केली. ते सुटले, तरी कोर्टाने प्रकरण सोडले नाही आणि ५०,००० रुपये द्यायला लावले. मंत्र्याचा दौरा आणि आमचे निवेदन यांच्याशी याचे साम्य तुमचे तुम्हीच पाहा. २०१२ मध्ये पुण्यातून आई आणि मुलीला मध्य प्रदेशच्या पोलिसांनी नियम मोडून अटक करून नेले. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने दोघींना प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायला सांगितले.

आणि जोगिंदरकुमार. उत्तर प्रदेशातला अठ्ठावीस वर्षांचा वकील. ७ जानेवारी १९९४ ला गाझियाबादच्या पोलीस अधीक्षकांनी चौकशीला बोलावले आणि तो घरी परतला नाही. घरचे सुप्रीम कोर्टात गेले. १४ जानेवारीला अधीक्षक स्वतः त्याला घेऊन कोर्टात हजर झाले आणि म्हणाले, तो अटकेत नाहीच, आम्हाला मदत करत होता. कोर्टाने म्हटले की माणूस आता मोकळा आहे, तेव्हा सुटकेचा हुकूम देता येत नाही, पण एवढ्यावर याचिका संपवता येणार नाही. जिल्हा न्यायाधीशांना चौकशी करायला सांगितले. अटक करता येते म्हणून करायची असे नाही, अटकेला कारण लागते, हे सांगितले. राष्ट्रीय पोलीस आयोगाने तिसऱ्या अहवालात साठ टक्के अटका अनावश्यक किंवा असमर्थनीय असल्याचे लिहिले होते, त्याची आठवण करून दिली. धरलेल्या माणसाला आपल्या एका नातेवाईकाला किंवा मित्राला कळवण्याचा हक्क या निकालाने पक्का केला आणि पुढे तो कायद्याच्या पुस्तकात आला. आज तुमच्या घरी पोलिसांचा फोन येतो की तुमचा माणूस अमुक ठाण्यात आहे, तो फोन एका 'निष्फळ' झालेल्या याचिकेतून आला आहे.

तेव्हा आमची चूक कुठे झाली? याचिकेच्या शेवटच्या पानावर. तिथे मागण्या असतात, वकील त्याला प्रेयर म्हणतात. आम्ही एकच ओळ लिहिली होती आणि ती ओळ पाडायची चावी जेलरच्या कमरेला होती. तुमच्यापैकी कोणावर ही वेळ आली तर वकिलाला पहिल्याच दिवशी सांगा : सुटका पाहिजेच, पण ही अटक बेकायदा होती असे जाहीर करा, भरपाई द्या, चौकशी करा, आणि ठाण्याच्या दप्तरात या अटकेची जी नोंद आहे तिच्यासमोर कोर्टाचा निष्कर्ष लिहायला लावा. यातल्या सगळ्याच मागण्या मिळतील असे नाही. भरपाई तर उघड अन्याय दिसला तरच मिळते. पण मागणी कागदावर असेल तर सरकारी वकिलाला "सोडले" म्हणून खाली बसता येत नाही.

आणि समजा याचिका आधीच लागली आहे, मागणी एकच आहे, माणूस सुटला आहे. तर दुरुस्तीचा अर्ज करा. तोही नामंजूर झाला तर निदान हुकमात एक वाक्य मागून घ्या की दोन्ही बाजूंचे मुद्दे खुले ठेवले आहेत. त्या एका वाक्याने पुढचा दरवाजा उघडा राहतो. आमच्या हुकमात ते नव्हते, कारण मागायचे असते हेच आम्हाला ठाऊक नव्हते.

गुन्हा रद्द करण्याच्या याचिकेत हाच प्रकार वेगळ्या तऱ्हेने होतो. तुम्ही एफआयआर रद्द करा म्हणून जाता, तारीख लागेपर्यंत पोलीस दोषारोपपत्र ठेवतात आणि मग म्हणतात, आता याचिका निष्फळ. हे खरे नाही. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये साफ सांगितले आहे की दोषारोपपत्र आल्यानंतरही हायकोर्ट गुन्हा रद्द करू शकते. दोषारोपपत्राची नक्कल जोडून याचिका दुरुस्त करा, घरी येऊ नका.

चॅप्टर केसचे आणखी एक. तहसीलदार तुमच्याकडून जामीन मागतात, पण आधी चौकशी सुरू केली पाहिजे. चौकशी सुरूच न करता अंतरिम बाँड मागता येत नाही, हे १९७० मध्ये मधू लिमये यांच्या प्रकरणात ठरले आहे. तेही पुण्याचेच, पण तेव्हा बिहारमधल्या मुंगेरचे खासदार. ती चौकशी सहा महिन्यांत पुरी झाली नाही आणि मुदत वाढवण्याची खास कारणे लिहिली नाहीत, तर ती आपोआप संपते. आपल्या किती चॅप्टर केसेस अशा संपल्या असतील! पण संपली असे लिहिलेला सही-शिक्क्याचा कागद किती जणांच्या घरी आहे? हात वर करा. दोन. एवढ्या मंडपात दोन. बाकीच्यांची नोंद ठाण्यात जिवंत आहे. उद्या तडीपारीचा प्रस्ताव करायचा म्हटले की तीच नोंद 'पूर्वेतिहास' म्हणून पहिल्या पानावर येते.

एक जड गोष्ट सांगायची राहिली. आपल्यातला कोणी शिक्षा झालेला असेल, अपील चालू असेल आणि तो वारला, तर अपील त्याच्याबरोबर संपते. दोषी हा शिक्का तसाच राहतो. कैदेची शिक्षा असेल तर आईबाप, नवरा-बायको, मुले, भाऊ-बहीण यांना तीस दिवसांच्या आत अर्ज करून अपील पुढे चालवायची परवानगी मागता येते. तीस दिवस म्हणजे तेरवी झाली आणि माणसे आपापल्या गावी गेली की निम्मे दिवस सरतात. घरातल्या दुःखात हे कोणाला सुचत नाही. तेव्हा हे सुचवण्याचे काम गावातल्या कार्यकर्त्याने करायचे.

आपल्या वकील मित्रांवर माझा राग नाही. ते फी न घेता उभे राहतात. सुटका झाली की आपणच दुसऱ्या तारखेला जात नाही. बस भाड्याला पैसे नाहीत, पेरणी आहे, लग्न आहे. त्या दिवशी नागपूरला मीही नव्हतो, मी गावात हार घालून घेत होतो. वकिलाने मागे वळून पाहिले असते तर त्याला रिकामा बाक दिसला असता.

जेवणानंतर मंडपाच्या मागच्या बाजूला दोन वकील बसणार आहेत. २०१७ च्या संपापासून ज्यांच्यावर १०७, १४४, १५१ किंवा नव्या संहितेतले १२६, १६३, १७० लागले असेल, त्यांनी कागद घेऊन तिथे जावे. नोटीस, जामीनपत्र, हुकमाची नक्कल, जे असेल ते. काहीच नसेल तर तारीख आणि ठाण्याचे नाव चिठ्ठीवर लिहून आणा, नकलेचा अर्ज तिथेच भरून घेऊ. झेरॉक्सचे पैसे मी देतो. तो भरतीचा पोरगाच अर्ज लिहायला बसणार आहे, त्याचे अक्षर चांगले आहे.